आतून लागणारी कडी

आमच्याकडे वाडीत माणसं राहतात.
इथे वादीत पाणी राहतं,
तेही वर्षातून एखादा दिवस.
या वेळी मुक्काम वाढला.

खाबुराच्या शाळेत तिसरी रात्र.
फळ्यावर कुणी सोडवता सोडवता टाकलेला भागाकार,
त्याच्याखाली मी खडूनं लिहिलं:
कुटुंबं दोनशे चौदा.
पाणी पुरेसं.

पुरेसं म्हणजे उरलेलं.
बायकांच्या वर्गांत खोकीच्या खोकी
न फोडलेली.
नऊच्या बैठकीत हमूद म्हणाला, बरं झालं,
ही सहामला पाठवू, तिथे कमी पडतंय.
मी मान हलवली, तक्त्यात हिरवा रंग भरला.
वीस वर्षं तक्ते भरतेय आखातात,
हिरव्यावर जीव आहे माझा.

मग शम्सा बिंत राशिदनं माझी बाही धरली.
म्हणाली, पोरी, दुपारी चारनंतर
आम्ही पीत नाही.
का, ते नाही बोलली.
हनुवटीनं नुसतं दाखवलं.

मैदानापलीकडे सहा संडास.
दिवा नाही.
कडी बाहेरून. आतली शाळेनंच काढलेली,
पोरं कोंडून घेतात म्हणून.
आणि वाटेवर, वाऱ्याला,
पुरुष झोपलेले ओळीनं.

मला हे कळायला हवं होतं.
दाभोळला खाडीकाठी माझी आई
उजाडायच्या आत तांब्या घेऊन जाऊन यायची
आणि दिवसभर मग घोट घोट.
आम्ही कौतुकानं सांगायचो पाहुण्यांना,
आमच्या आईला तहानच लागत नाही.

मस्कतला मागणी कळवली:
कड्या सहा, आतून लागणाऱ्या. दिवे चार.
उलट विचारणा आली:
अन्न, पाणी, औषध, निवारा,
यातल्या कोणत्या शीर्षाखाली धरायची कडी?
मी लिहिलं, पाण्याच्या.

वाट बघितली नाही.
वाहून आलेल्या एका दुकानाच्या फळीवर
चिखलानं भरलेला डबा होता,
त्यात कड्या, बिजागऱ्या, वाकडे स्क्रू.
दुकानदार म्हणाला, घे, वाळूसकट घे.
बॅटरी धरायला कोण येतं, विचारलं
तर चपलांच्या मांडणीपाशी निजलेली
एक मुलगी उठली.

तीन दिवस मी तिला ओलांडून जात होते.
माझ्या यादीत प्रमुखाचं नाव, बायको, मुलं,
आणि शेवटी एक बारीक रकाना: इतर.
इतर, एक.
सामानाची पिशवी दर कुटुंबाला एकच,
ती मालकिणीकडे, तिच्या तीन मुलींत संपली.
मग तू काय वापरलंस, मी विचारलं,
स्क्रू पिळता पिळता, तिच्याकडे न बघता.
तिनं उजेड जरासा हलवला
चौथीच्या वर्गाच्या खिडकीकडे.

पडद्याचा कोपरा कापलेला
मी आधीच पाहिला होता.
शाळेचं नुकसान, म्हणून नोंदवलाही होता.

नाव विचारलं, लिहिलं.
तिनं वाचून पाहिलं नाही, पण ऐकवलं पुन्हा,
त नाही, मॅडम, थ. निलंथी.
कुरुनेगलाची. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता,
कपाट आता कुठे असेल कोण जाणे.
त्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही.
माझ्या कागदांत त्याला शीर्ष नाही.
पिशवी दिली. रकान्याला नाव दिलं.
एवढं माझ्या हातात होतं, आणि पेचकस.

पुरुषांना हमूदनं उठवलं, थोडी कुरकुर झाली,
चटया दुसऱ्या भिंतीला गेल्या.

रात्री अकराच्या पुढे कधीतरी
मैदानापलीकडून आवाज आला,
खट्.
मग थोड्या वेळानं पुन्हा.
शम्सा बिंत राशिद माझ्या शेजारी बसून
एक अख्खी बाटली प्यायली,
थांबत थांबत, ढेकर देऊन.

सकाळी फळ्यावरचं पुरेसं
मी तळहातानं पुसलं.
सहामचा ट्रक दारात उभा, चालक हॉर्न देतोय,
आणि मी खडू शोधतेय, लाल असेल तर बरा,
पाणी कमी पडतंय लिहायला.